ट्रायलच्या दिवशी भासरे आले

सकाळची भांडी तशीच पडली होती आणि मी पुढच्या खोलीत माझ्याच नवऱ्याला त्याचाच शर्ट विकत होते. तो घ्यायला तयार नव्हता.

"याचा रंग जाईन," दिलीप म्हणाला.

"नाही जात, सर. कॉटन आहे."

"मले सर कायले म्हणतं? हासू येते न मंग."

"बाबा, तुम्ही गिऱ्हाईक आहा. हासू नका," प्राची पलंगावरून म्हणाली. प्राची म्हणजे आमची मुलगी. त्या सकाळपुरती ती स्टोअर मॅनेजर झाली होती आणि मोबाइलमध्ये बघून मला मार्क देत होती. "अन् आई, कस्टमर रंग जाईन म्हणाला की आधी त्याचं ऐकून घ्याचं. लगेच नाही म्हणाचं नाही. आणि हात पोटाशी धरू नको. मयतीत आल्यावानी दिसून राह्यली."

मी हात सोडले. सोडलेल्या हातांचं काय करायचं असतं ते मला आठवेना.

दार आतून लावलं होतं. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून टीव्हीचा आवाज मोठा केला होता. चाळिशी ओलांडलेली बाई घरात दुकान-दुकान खेळते आहे हे गल्लीत कळलं असतं, तर मी आठवडाभर तोंड दाखवलं नसतं.

आज मी यवतमाळच्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात लेडीज सेक्शनची फ्लोअर इन्चार्ज आहे. गावाकडचे लोक या दुकानाला मॉल म्हणतात. तसा तो मॉल नाही, पण एसी असलं की आमच्याकडे मॉलच. नव्या मुली कामाला लागण्याआधी त्यांची ट्रायल मी घेते. एखादीचे हात पोटाशी दिसले की मला आमची पुढची खोली आठवते आणि मी जरा दुसरीकडे बघते.

त्या सकाळी मी याच दुकानातल्या ज्या जागेची तयारी करत होते तिला सीएसए म्हणतात. कस्टमर सेल्स असोसिएट. नाव मोठं आहे. काम असं, की कपड्यांच्या घड्या घालायच्या, गिऱ्हाइकाने विस्कटल्या की पुन्हा घालायच्या, त्याला साइज काढून द्यायची आणि दिवसभर उभं राहायचं. अट बारावी पास. मी बी.कॉम. झाले होते आणि तरी त्या जागेसाठी देव पाण्यात घालून बसले होते.

त्याआधी मी दारव्ह्याला एका पतसंस्थेत कॉम्प्युटर ऑपरेटर होते. टेबल, खुर्ची, डोक्यावर पंखा. ती पतसंस्था बंद पडली. पुढे काही वर्षांनी प्राचीच्या नर्सिंगसाठी आम्ही यवतमाळला भाड्याच्या घरात आलो. दिलीप शाळेची व्हॅन चालवतो. एका व्हॅनवर तिघांचं भागत नव्हतं आणि मी घरी बसले होते. नऊ वर्षं बसले होते. लग्नकार्यात कोणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर मी म्हणायची, "सध्या घरीच." हा "सध्या" मी नऊ वर्षं वापरला.

प्रयत्न केले नाहीत असं नाही. झेरॉक्सवाल्याकडे गेले, शाळांच्या ऑफिसात गेले, एका दवाखान्यात रिसेप्शनसाठी गेले. तिथल्या मॅडमनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आम्हाला फ्रेश पाहिजे होती." भाजीबद्दल बोलावं तसं बोलल्या. मी "हो मॅडम, थँक्यू मॅडम" म्हणून बाहेर आले. थँक्यू का म्हटलं, याची चीड मला अजून येते.

आता माझ्या भासऱ्यांबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. दारव्ह्याजवळच्या गावात त्यांची शेती आहे, कापूस, सोयाबीन, तूर. गावात शब्दाला वजन आहे. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घेते आणि त्यांच्याशी थेट बोलत नाही. मला काही सांगायचं असलं तर मी जाऊबाईंकडे बघून बोलायचं आणि त्यांनी ऐकायचं. त्यांना काही सांगायचं असलं तर त्यांनीही जाऊबाईंनाच सांगायचं. तिघंही एकाच खोलीत असलो तरी असंच. लग्न झाल्यापासून मी हे करत आले आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. माणूस वाईट नाही. पतसंस्थेत मला चिकटवलं ते त्यांनीच.

पण बाईच्या नोकरीचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार होते. खुर्चीवरची आणि उभ्याची. खुर्चीवरची चालते. उभ्याची म्हणजे दुसऱ्याच्या दारात उभं राहणं, आणि ते आपल्या घरच्या सुनेला शोभत नाही. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. जाऊबाईंना सांगितलं होतं, मी शेजारी भाकरी थापत असताना.

म्हणून या इंटरव्ह्यूचं गावी सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. नोकरी लागली तर नंतर बघू. लागली नाही तर प्रश्नच नाही.

इंटरव्ह्यूचा मेसेज आला आणि वेगळीच पंचाईत झाली. ब्लॅक फॉर्मल पँट, व्हाइट शर्ट, ब्लॅक शूज. मी जन्मात पँट घातली नव्हती. यवतमाळला आल्यावर साडीवरून पंजाबी ड्रेसवर आले होते, तेवढीच माझी प्रगती. शूज प्राचीचे शाळेतले निघाले. पँटसाठी मी शेजारच्या शबानाभाभीकडे गेले. त्या लेडीज टेलर. खरं म्हणजे त्यांनाही सांगणार नव्हते, पण माप दिल्याशिवाय पँट कशी शिवणार?

"पोट आत नका घेऊ, वंदनाभाभी," टेप लावताना त्या म्हणाल्या. "साँस तो लेना पड़ेगा ना. दिवसभर कसं राह्यसान आत?"

मी श्वास सोडला. त्यांनी माप बदललं. कशासाठी पाहिजे ते त्यांनी विचारलं नाही, म्हणून मीच सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं.

"अरे, मंग कपडा शिकून जा ना. हे पाहा, हा रेयॉन. मऊ लागते, पण पैल्या धुण्यात आटते. गिऱ्हाइकाले एक साइज मोठा द्याचा. कॉटनचं भी तसंच. हा क्रेप, याले इस्त्रीची झंझट नाई." त्यांनी चिंध्यांच्या गाठोड्यातून एकेक तुकडा काढून माझ्या हातात दिला. डोळे मिटून ओळखायला लावलं. घडी घालताना मधे पुठ्ठा ठेवायचा आणि शेवटी ओढून घ्यायचा, म्हणजे सगळ्या घड्या एका मापाच्या होतात, हेही त्यांनीच शिकवलं. चार दिवस दुपारी मी तिथं जायची. गल्लीतल्या बायांना सांगितलं, ब्लाउज शिवायला टाकले आहेत.

नऊ वर्षांच्या गॅपचं काय उत्तर द्यायचं यावर शबानाभाभीचं मत सरळ होतं. "माह्या दुकानात कामाले होती म्हणून सांगा. फोन आला तर मी हाव म्हणीन. नऊ साल से है बोल दूँगी."

मोह झाला. खोटं बोलायची मला लाज वाटत नव्हती, पकडली जाईन याची भीती वाटत होती. शेवटी प्राचीने इंग्रजीत एक वाक्य लिहून दिलं, "आय वॉज मॅनेजिंग माय फॅमिली रिस्पॉन्सिबिलिटीज." ते मी पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, देवाला दिवा लावताना म्हणत राहिले. दिलीपला ते माझ्याआधी पाठ झालं.

इंटरव्ह्यूच्या दिवशी पँट-शर्टावर मी लांब कुर्ता घातला, वरून ओढणी घेतली आणि तशी गल्लीतून निघाले. कुर्ता दुकानाच्या बाथरूममध्ये काढला. आरशात पाहिलं आणि दिव्याचं बटण बंद केलं. अंधारातच केस नीट केले.

माझ्यासोबत दोन मुली होत्या. दोघी विशीतल्या, दोघींना पँटीची सवय असावी, कारण दोघी पाय मोकळे टाकून बसल्या होत्या. मी गुडघ्यावर पिशवी ठेवली होती. लेडीज सेक्शनला एकच जागा होती हे आम्हाला तिथं कळलं.

मॅनेजर कुणाल सर. नागपूरचे. वयाने माझ्या भाच्याएवढे. त्यांनी माझा कागद पाहिला.

"लास्ट जॉब पतसंस्थेत?"

"हो सर. कॉम्प्युटर ऑपरेटर."

"आणि त्यानंतर नऊ वर्षं?"

"आय वॉज," मी म्हणाले. पुढचं सगळं गेलं. पोळ्या आठवल्या, दिवा आठवला, वाक्य आठवलं नाही.

"मराठीत सांगा मॅडम, काही हरकत नाही."

"नोकरी शोधत होते सर. मिळाली नाही."

बोलले आणि कानापर्यंत गरम झाले. त्यांनी मान हलवली आणि काहीतरी खरडलं.

"इथं दिवसभर उभं राहावं लागते. मधे बसता येत नाही. तुमचा आधीचा जॉब तर बसून होता. जमेल?"

"घरी कोण बसते सर?"

हे तोंडातून कसं निघालं मला माहीत नाही. उद्धट वाटलं असेल म्हणून मी लगेच "सॉरी" म्हणाले. ते हसले की काय ते मला दिसलं नाही. मी टेबलाकडे बघत होते.

मग ट्रायल. ट्रायल म्हणजे उमेदवाराला थोडा वेळ फ्लोअरवर उभं करून बघायचं. शर्टावर "ट्रेनी" लिहिलेलं स्टिकर लावलं. पिशवी, कुर्ता, ओढणी सगळं दारातल्या सिक्युरिटीकडे जमा करायला लावलं. फ्लोअरवर स्वतःचं काही न्यायचं नाही असा नियम आहे, म्हणजे दुकानाचा माल कुठला आणि तुमचा कुठला यात घोळ होत नाही. दुसरी गोष्ट टॅगची. प्रत्येक कपड्याला प्लास्टिकचा एक कडक बिल्ला लावलेला असतो. बिल झालं की काउंटरवर तो मशीनने काढतात. बिल्ला तसाच ठेवून कोणी दारातून गेलं तर दारातले दोन खांब ओरडायला लागतात. हे सगळं मला सकाळीच समजावून सांगितलं होतं, आणि मी "समजलं सर" म्हणाले होते.

पहिला अर्धा वेळ बरा गेला. त्या दोघी मुली घड्या घालायच्या तर एक लांब एक आखूड व्हायची. मी पुठ्ठा मागून घेतला. कॉलेजची एक मुलगी रेयॉनचा कुर्ता अंगाबरोबर बघत होती. तिला म्हटलं, एक साइज मोठा घे बेटा, पहिल्या धुण्यात आटतो. तिने घेतला. कुणाल सर मागे उभे होते. ते पुढे गेले, पुन्हा मागे आले आणि माझ्या घड्यांची थप्पी बोटाने चाचपून गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, हे होईल.

तेवढ्यात जिन्यावरून एक पांढरी टोपी वर आली. टोपीखाली भासरे होते. मागून जाऊबाई, पदर सावरत.

विचार करायला वेळ मिळाला असता तर मी ट्रायल रूममध्ये लपले असते. हात आपोआप पदराकडे गेला. पदर नव्हता, शर्टाची कॉलर हाताला लागली. उघडं डोकं, पँट आणि बूट, अशी मी भासऱ्यांसमोर उभी होते. शेजारच्या रॅकवर बांधणीच्या ओढण्या लटकत होत्या. त्यातली एक ओढली आणि डोक्यावर घेतली. मग वाकून दोघांच्या पाया पडले. तिथंच, ऑफर लिहिलेल्या टेबलाजवळ.

"वंदना?" जाऊबाई म्हणाल्या. "अवो, हे काय घातलं तू?"

"प्राचीनं घालाले लावलं, बाई."

भासऱ्यांनी रीतीप्रमाणे तोंड फिरवलं. तिकडे पुतळ्याला नाइट ड्रेस घातलेला होता, म्हणून त्यांनी तिथूनही नजर काढली आणि छताकडे पाहिलं.

"तिले विचार, अठी काय करून राह्यली," ते जाऊबाईंना म्हणाले.

मी हातभर अंतरावर होते. जाऊबाईंना विचारायची गरज पडली नाही.

"खरेदीले आली, बाई," मी जाऊबाईंना म्हणाले. ओढणीचं टोक ओढून मी छातीवरचं स्टिकर झाकलं.

जाऊबाईंचा चेहरा खुलला. त्यांच्या लेकीचं, पूजाचं साक्षगंध ठरलं होतं. साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. मोठा बस्ता दारव्ह्याला होणार होता, पण पूजाला दोन-चार ड्रेस मॉलमधलेच पाहिजे होते, म्हणून दोघं सकाळच्या एसटीने आले होते. खरेदी करून आमच्या घरी यायचं त्यांच्या मनात होतं. "बरं झालं भेटली," जाऊबाई म्हणाल्या. "आमाले काई समजत नाई यातलं. तुह्या पसंतीनं घेऊ."

मग मी त्यांना ड्रेस दाखवले. एक हात डोक्यावरची ओढणी धरून, एका हाताने हँगर काढत. पूजाची साइज सांगितली, घेर दाखवला, क्रेप आणि रेयॉन हातात दिले. मी सून म्हणून मदत करते आहे असं त्यांना वाटत होतं आणि ट्रेनी म्हणून गिऱ्हाईक सांभाळते आहे असं कुणाल सरांना. दोघांचंही बरोबर होतं. मलाच त्यातलं काही धड म्हणता येत नव्हतं.

भासऱ्यांनी स्वतःसाठी एक फिकट निळा शर्ट उचलला. उलटापालटा केला.

"तिले विचार, याचा रंग जाईन काय?"

मी आधी ऐकून घेतलं. मग जाऊबाईंकडे बघून म्हणाले, "नाई जात, बाई. पण कॉटन आहे, आटते. एक साइज मोठा घ्या म्हणा." त्यांनी मोठा घेतला.

ते शर्टाच्या रांगेत पुढे गेले तेव्हा कुणाल सर माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "गुड, मॅडम. मोठी पार्टी आहे. बिलिंगपर्यंत सोबत राहा." ओढणीकडे त्यांचं लक्षच गेलं नसावं. इतक्या बाया डोकं झाकून येतात, कोण कशाला बघतं.

मी बिलिंगपर्यंत सोबत राहिले. बिल झालं, काउंटरवरच्या मुलाने एकेक टॅग काढला, पिशव्या भरल्या. माझ्या मनात फक्त एवढंच होतं की आता हे दोघं दाराबाहेर गेले की मी पळत वर जाईन.

"तिले म्हण, चाल," भासरे म्हणाले. "ऑटोनं संगच जाऊ घरी."

इथं सांगायचं होतं. सोपं वाक्य होतं. मी ते नऊ वेळा तोंडात घोळवलं आणि गिळलं. मग ठरवलं, दारापर्यंत जाऊ, दारात म्हणू की पर्स वर राहिली, तुम्ही व्हा पुढं. चांगली युक्ती होती. मी जाऊबाईंच्या मागोमाग चालायला लागले. डोक्यावर काय आहे हे मी तोवर साफ विसरले होते. पदर डोक्यावर आहे हे बाईला आठवावं लागत नाही.

खांब ओरडले.

सिक्युरिटीच्या काकांनी आधी भासऱ्यांच्या पिशव्या बघितल्या. बिल जुळलं. जाऊबाईंना एकटीला आत-बाहेर करायला लावलं. खांब गप्प. मग मला. खांब पुन्हा ओरडले. काकांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. माझ्या कानामागे टॅग लोंबत होता.

"मॅडम, ही ओढणी बिलात नाही."

बिलिंगची रांग वळून बघायला लागली. जाऊबाईंचा हात तोंडावर गेला. आणि भासऱ्यांनी लग्नानंतर पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना माझी शरम वाटत होती. ती मला तिथं, त्या काचेच्या दारात, स्पष्ट दिसली. त्यांच्या घरची सून मॉलमधून ओढणी पळवताना धरली गेली होती.

विसरले म्हणता आलं असतं. ते तर धरला गेलेला प्रत्येक जण म्हणतो. दुसरं सांगण्यासारखं एकच होतं. मी ओढणी काढली. डोकं उघडं पडलं. छातीवरचं स्टिकर दिसायला लागलं.

"दादा," मी म्हणाले. जाऊबाईंना नाही, त्यांनाच म्हणाले. "मी खरेदीले नाई आली. अठी कामाले लागाची ट्रायल आहे माही. तुम्ही आले म्हणून हे ओढणी डोक्यावर घेतली. काढाची राह्यली."

काका स्टिकर बघून मागे सरले. भासरे पिशव्या घेऊन उभे होते. त्यांनी नजर माझ्यावरून काढली आणि जाऊबाईंकडे वळवली.

"तिले विचार," ते म्हणाले, "उभ्यानं?"

जाऊबाईंनी मला विचारलं नाही. त्यांना विचारवलं नसावं.

"हाव," मी म्हणाले. "उभ्यानं."

ते काकांकडे वळले. "ते आमच्या घरची सून आहे. चोर नाई," एवढंच बोलले आणि दारातून बाहेर पडले. जाऊबाई मागे वळून बघत बघत गेल्या. दोघं आमच्या घरी आलेच नाहीत. बसस्टँडवरूनच परत गेले असं नंतर कळलं.

कुणाल सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ओढणी त्यांच्या टेबलावर होती, टॅगसकट.

"मॅडम, तुम्ही स्टॉक घालून दाराबाहेर चालल्या होत्या."

"हो सर."

"काहून पण?"

मी सांगितलं. भासरे, पदर, खुर्ची, सगळं. सांगताना रडू येऊ नये म्हणून त्यांच्या मागच्या कॅलेंडरकडे बघत होते. मला वाटलं ते हसतील.

"माझी आई मोठ्या काकांसमोर अजून घेते," ते म्हणाले. मग बराच वेळ पेनचं टोपण काढघाल करत बसले. "तुमचं काम चांगलं आहे. पण फ्लोअरवर नाही घेऊ शकत मी. अख्ख्या स्टाफनं गेटवर पाहिलं. उद्या दुसरी कोणी ओढणी घेऊन निघाली तर मी तिला काय बोलू?"

"बरोबर आहे सर," मी म्हणाले. खरोखर बरोबर होतं.

"लेडीजची जागा दुसऱ्या मुलीला देतो. बिलिंगला टॅग काढायला माणूस पाहिजे. पगार सीएसएपेक्षा कमी आहे." ते जरा थांबले. "ते पण उभ्यानंच आहे."

मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मी काउंटरच्या शेवटी उभी राहून टॅग काढायला लागले. जाताना-येताना सिक्युरिटीचे काका मला नमस्कार करायचे आणि मला तो टोमणा वाटायचा. वर्षभराने मला फ्लोअरवर घेतलं. त्या वर्षात माझ्या हातून एकही टॅग सुटला नाही.

घरी त्या संध्याकाळी दिलीपला सगळं सांगितलं. तो व्हॅनची किल्ली हातात फिरवत राहिला.

"दादाले मी सांगाले पायजे होतं," तो म्हणाला. "मलेच लाज वाटत होती." त्याने फोन लावला. दादा कापसाचं बोलले, पाण्याचं बोलले आणि फोन ठेवला.

पूजाच्या साक्षगंधाला आम्ही गेलो. मी साडी नेसले, वेशीपासूनच डोक्यावर पदर घेतला. दिवसभर उभं राहून पाय इतके सुजले होते की नव्या चपला जाईनात, जुन्याच घातल्या. मांडवात चुलत सासूबाईंनी मला जवळ बसवलं.

"वंदना, मोठ्या मॉलात मॅनेजर झाली म्हणे तू? एसी आहे म्हणे. फिरती खुर्ची दिली म्हणे."

"कोणी सांगतलं?"

"तुह्या भासऱ्यानं. साऱ्या गावाले सांगून राह्यला."

मी मांडवात पाहिलं. भासरे पाठमोरे उभे राहून पाहुण्यांना पान देत होते. अंगात तो फिकट निळा शर्ट होता. पाठीत बरोबर बसला होता.

"हाव," मी म्हणाले. "दिली खुर्ची." आणि पाय साडीत ओढून घेतले. तेव्हाची लाज मला गेटवरच्यापेक्षा जास्त लागली. गेटवर निदान खरं बोलले होते.

आता माझ्याकडे ट्रायलला लग्न झालेली बाई आली की घड्या, साइज, रेयॉन हे सगळं मी नंतर बघते. आधी विचारते, "सासरी सांगितलं का?" बऱ्याच जणी खाली बघतात. मी त्यांना म्हणते, आजच फोन करून टाका. कधीतरी सांगावंच लागतं, आणि फोनवर निदान खांब ओरडत नाहीत. काही जणी हसतात. काही जणी जिन्याकडे बघतात, कोणी येतं आहे का ते.

भासरे अजूनही कपडे आमच्याच दुकानातून नेतात. यायच्या आधी दिलीपला फोन करतात. पेरणीपाण्याचं बोलतात, प्राचीची चौकशी करतात आणि शेवटी विचारतात, "तिले सुट्टी कोन्या दिवशी असते?" मंगळवारी असते. ते मंगळवारी येतात. बुधवारी मी बिलिंगच्या मुलीला विचारते, टोपीवाले काका काय घेऊन गेले, आणि शर्ट एक साइज मोठा नेला ना.